हमीचा कागद: बलुत्यापासून कारच्या वॉरंटीपर्यंत

१/
गेल्या महिन्यात काकांसोबत अकोल्यातील एका शोरूममध्ये बसलो होतो. गाडी ठरली, रंग ठरला, कर्जाचे कागदही झाले. अखेरीस विक्रेत्या तरुणाने एक रंगीत पत्रक पुढे सरकवले. कंपनीची वॉरंटी संपल्यानंतर आणखी दोन वर्षे संरक्षण हवे असेल, तर इतके हजार जास्त. त्याआधी अर्धा तास तो त्याच गाडीच्या टिकाऊपणाचे गुण गात होता. काकांनी पत्रक उलटसुलट पाहिले आणि विचारले, "गाडी इतकी मजबूत हाये म्हणता, त मंग हे वरचे पैसे कायचे?"
तरुण हसला. उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

२/
मित्रहो, काकांचा प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. बनवणारा आपल्या मालाची हमी लिहून का देतो? त्या हमीची मुदत वाढत जाते, तेव्हा विश्वास वाढलेला असतो की कमी झालेला? आजच्या धाग्यात हाच प्रश्न घेऊन वऱ्हाडातून मुंबईकडे आणि मुंबईतून जगाकडे जाऊ. सुरुवात मात्र मोटारीच्या फार आधीपासून करावी लागेल.

३/
वऱ्हाडातल्या गावगाड्यात शेतकऱ्याचा वखर, नांगर किंवा तिफण मोडली, तर ती सुताराच्या किंवा लोहाराच्या दारी जाई. प्रत्येक दुरुस्तीचे पैसे मोजले जात नसत. सुगी झाली की खळ्यावरच सुताराच्या वाट्याचे धान्य निघे आणि त्याबदल्यात वर्षभराची डागडुजी त्याच्याकडे असे. हेच बलुते. नव्या बंडीचे मोल निराळे ठरे, पण औजार चालते ठेवण्याची जबाबदारी बांधलेली होती. आजच्या भाषेत हा वार्षिक देखभालीचा करारच म्हणायचा, फक्त त्याला कागद नव्हता.

४/
या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती जातीने बांधलेली होती, सुताराला काम नाकारण्याची मोकळीक नव्हती आणि वाटा किती पडेल हे बहुधा देणाराच ठरवी. आपल्या विषयापुरते एवढेच लक्षात ठेवू: औजार करणारा आणि वापरणारा एकाच गावात राहत. जोड कच्चा निघाला, तर करणाऱ्याला त्याच वाटेने रोज जावे लागे. हमी त्याच्या हजर असण्यातच होती. अंतर वाढले आणि हमी कागदावर आली.

५/
वऱ्हाडात हे अंतर कापसाने वाढवले. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. पाठोपाठ रेल्वे आली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावची रेल्वे शाखा खुली केली. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. कालपर्यंत बाजारात मुठीत धरून, धागा ओढून पारखला जाणारा कापूस आता दाबून, गाठ बांधून समुद्रापार जाऊ लागला.

६/
या व्यापारात अमरावतीच्या नावाचा शिक्का झाला. इंग्रज या शहराचे नाव 'उमरावती' असे लिहीत, आणि वऱ्हाड व आसपासच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' म्हणत. शहराचे नाव हीच मालाची ओळख झाली. असे नाव दुधारी असते. माल चांगला निघाला तर सगळ्या मुलखाला भाव मिळतो, आणि चार जणांनी लबाडी केली तर सगळ्या मुलखाला ती भोवते.

७/
लबाडी झालीच. कापसावर पाणी मारून वजन वाढवणे, सरकी आणि कचरा तसाच ठेवणे, लांब धाग्याच्या कापसात आखूड धाग्याचा मिसळणे. गाठ एकदा दाबली की आतले दिसत नाही. हिंदुस्थानी कापसाला इंग्लंडात सरसकट 'सुरत' म्हणत, आणि त्या दशकात हा शब्दच तिथे निकृष्ट मालाला समानार्थी झाला. मुंबई सरकारने १८२९ मध्येच भेसळीविरुद्ध नियम केला होता. १८६३ मध्ये नवा कायदा आला, निरीक्षक नेमले गेले. व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि काही वर्षांनी ती सगळी व्यवस्था गुंडाळली गेली.

८/
दरम्यान शेतातही बदल होत होता. वऱ्हाडची 'बनी' ही मऊ, लांब धाग्याची जात मागे पडली आणि तिच्या जागी 'जरी' ही राकट, आखूड धाग्याची पण जास्त रुई देणारी जात पसरली. शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नव्हता. चांगल्या धाग्याचा भाव त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता, कारण वाटेत सगळे एकत्र होत होते. खरेदीदाराला चांगले-वाईट वेगळे ओळखता येत नसेल, तर तो मधला भाव देतो, आणि मधल्या भावात चांगला माल पिकवणे परवडत नाही.

९/
उपाय आला १९२५ मध्ये, 'कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज ॲक्ट' या कायद्याने. प्रत्येक गाठीवर कारखान्याचे चिन्ह आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक झाले. गाठ कुठेही उघडो, आत दगड निघाला तर कोणत्या प्रेसमधून ती निघाली हे सांगता येऊ लागले. हमीच्या इतिहासात या क्रमांकाचे मोल मोठे आहे. तुमच्या कारवर कोरलेला चासी क्रमांक नेमके हेच काम करतो. दोष कुणाच्या दारी न्यायचा, हे त्याने ठरते.

१०/
आता कापसातून मोटारीकडे जाण्यासाठी एक पूल हवा. तो अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये बांधून ठेवला आहे. त्यांचा गाजलेला निबंध जुन्या मोटारींच्या बाजारावर आहे. सदोष गाडीला अमेरिकेत 'लेमन' म्हणतात. विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात. आठव्या भागातली बनी आणि जरी आठवा. विशेष म्हणजे त्याच निबंधात भारतीय बाजारातल्या तांदळातील खड्यांचेही उदाहरण आहे. हा निबंध लिहिण्याच्या काळात अकरलॉफ एक वर्ष दिल्लीत राहिले होते.

११/
या कोंडीतून निघण्याचे मार्ग अकरलॉफ सांगतात, त्यांत पहिला आहे हमीपत्र. तर्क सरळ आहे. दुरुस्तीचा खर्च बनवणाऱ्याच्या माथी येणार असेल, तर वाईट गाडी बनवणाऱ्याला लांब हमी परवडणार नाही. म्हणून लांब हमी ही चांगल्या मालाची खूण. इथे 'बनवणाऱ्याच्या माथी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ते विसरले गेले की काय होते, ते पुढे येईलच.

१२/
आपल्याकडे मात्र कित्येक वर्षे ही खूण लागतच नव्हती. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. परदेशी कंपन्यांना केवळ जुळणी करण्यास मनाई झाली, तशी १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली. हे नाव लक्षात ठेवा. मागे मोजक्या देशी कंपन्या उरल्या. १९५९ च्या सरकारी आदेशाने गाड्यांच्या वाटपावरही नियंत्रण आले. फियाटसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत.

१३/
जिथे ग्राहक रांगेत उभा आहे, तिथे हमी कशाला? दर्जाबद्दल इतक्या तक्रारी झाल्या, की १९६७ मध्ये केंद्र सरकारला मोटारींच्या दर्जाच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. १९६९ मध्ये सरकारने किमती ठरवून दिल्या, तेव्हा कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तरीही १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणवली जाणारी ती फियाट लोकांनी जिवापाड सांभाळली. त्यांचा भरवसा कारखान्यापेक्षा आपल्या मिस्त्रीवर होता. अमरावती-अकोल्यातल्या गॅरेजमध्ये ती खोलता येई, जोडता येई. बलुतेदाराची जागा जणू मिस्त्रीने घेतली होती.

१४/
डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, १९९३ मध्ये मोटार उद्योगाचे परवाने सुटले. निवड आली आणि निवडीबरोबर फसगतही. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोबरोबर कल्याणजवळ '३०९' काढली आणि इटलीच्या फियाटबरोबर 'उनो' आणली. १९९६ मध्ये उनोसाठी अडीच लाखांहून अधिक लोकांनी आगाऊ पैसे भरले. कामगारांचा संघर्ष पेटला, उत्पादन रखडले, १९९७ च्या सुमारास प्यूजो बाहेर पडली. गाडी घेतलेल्यांना सुटे भाग मिळेनात आणि न मिळालेल्यांना पैसे परत मिळवताना धाप लागली. चाळीस वर्षांत कमावलेले नाव तीन-चार वर्षांत ओसरले.

१५/
त्याच सुमारास पुण्याजवळ पिंपरीत दुसरी कथा घडत होती. डिसेंबर १९९८ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 'इंडिका' आणली. लाखाहून अधिक बुकिंग झाले. पण पहिल्या गाड्यांत आवाज, टायरची झीज अशा तक्रारींचा पाऊस पडला. २०००-०१ या वर्षी कंपनीला ५०० कोटींचा तोटा झाला. कंपनीने गाड्या बोलावून सदोष भाग बदलून दिले, अभियंत्यांना तक्रारींची यादी घेऊन पुन्हा आराखड्यावर बसवले आणि २००१ मध्ये 'इंडिका व्ही-टू' काढली. ती चालली. पुढे गावोगावच्या टॅक्सीवाल्यांची ती हक्काची गाडी झाली. एकदा गेलेले नाव असे परतही येऊ शकते.

१६/
हमी वाढवून नाव मिळवण्याचे जगातले प्रसिद्ध उदाहरण ह्युंदाईचे. ही कोरियन कंपनी १९८६ मध्ये अमेरिकेत उतरली, पहिल्याच वर्षी दीड लाखाहून अधिक गाड्या खपल्या आणि मग त्या इतक्या बिघडल्या की विनोदाचा विषय झाल्या. १९९८ मध्ये कंपनीने इंजिन व गिअरबॉक्ससाठी १० वर्षे किंवा १ लाख मैलांची हमी जाहीर केली. त्या वर्षी तिथली विक्री सुमारे ९० हजार होती, २००३ मध्ये ती ४ लाखांवर गेली. हमीबरोबर कारखान्यातल्या तपासण्याही कडक झाल्या. खर्च बनवणाऱ्याच्या माथी होता, म्हणून बनवणारा सुधारला.

१७/
पण कथा तिथे संपत नाही. त्याच कंपनीच्या 'थीटा-२' इंजिनात पुढे गंभीर दोष निघाले. २०१५ आणि २०१७ मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीच्याच एका अभियंत्याने अमेरिकी यंत्रणेला माहिती दिली. अखेर तडजोडीत या इंजिनांना आजीवन हमी द्यावी लागली आणि २०२० मध्ये मोठा दंडही मान्य करावा लागला. १९९८ ची हमी बिघाडाच्या आधी, स्वतःहून दिलेली होती. ही दुसरी बिघाडानंतर, तंट्याच्या अखेरीस आली. कागदावर दुसरी पहिलीपेक्षा लांब आहे. म्हणून केवळ मुदत पाहून विश्वास मोजता येत नाही.

१८/
आता बाराव्या भागातले नाव. जनरल मोटर्स १९९० च्या दशकात भारतात परतली, २००८ मध्ये तिने पुण्याजवळ तळेगावला कारखाना उघडला. वऱ्हाडच्या रस्त्यांवर तिची 'टवेरा' परिचित झाली. जुलै २०१३ मध्ये कंपनीने २००५ पासूनच्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. उत्सर्जनाच्या चाचण्यांत कर्मचाऱ्यांनीच फेरफार केल्याचे कंपनीने मान्य केले. मे २०१७ मध्ये तिने भारतातील विक्री थांबवण्याची घोषणा केली. वॉरंटी आणि सेवा चालू राहील, असे आश्वासन दिले. पण ज्या कंपनीची नवी गाडी येणार नाही, तिच्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक कोण? किमती कोसळल्या. हमी पाळली गेली तरी नाव उरले नव्हते. तळेगावचा तो कारखाना घेण्याचा करार २०२३ मध्ये ह्युंदाईने केला.

१९/
या साऱ्यावरून काकांच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. शोरूममध्ये दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने मिळतात. पहिली, किमतीतच धरलेली कंपनीची वॉरंटी. तिचा खर्च बनवणाऱ्यावर पडतो, म्हणून ती वाढली तर त्यात अर्थ असतो. जुलै २०२४ मध्ये मारुतीने आपली मूळ वॉरंटी २ वर्षे किंवा ४० हजार किलोमीटरवरून ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरवर नेली, ती या प्रकारची. दुसरी, वर पैसे भरून घ्यायची 'एक्स्टेंडेड वॉरंटी'. तिचा खर्च घेणाऱ्यावर पडतो. ती खरे तर विम्याची पुतणी आहे, आणि अनेकदा तिच्यामागे विमा कंपनीच असते.

२०/
विमा घेणे वाईट नव्हे. आजच्या गाडीतला एखादा इलेक्ट्रॉनिक भाग गेला, तर गावचा मिस्त्री हतबल असतो आणि बिल डोळे पांढरे करते. फक्त अटी वाचाव्यात. क्लच, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी असे झिजणारे भाग बहुधा वगळलेले असतात. सर्व्हिसिंग ठरल्या वेळी, अधिकृत केंद्रातच करावे लागते. दर्यापूर किंवा तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याने हंगामात एक सर्व्हिसिंग चुकवले, तर ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. शिवाय कायदाही आपल्या बाजूने थोडा सरकला आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी आली आणि त्याच वर्षीच्या मोटार वाहन दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला.

२१/
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या साखळीत तीन कसोट्या दिसतात. दोषाची किंमत कोण भरतो? दोष कुणाचा, हे शोधता येते का? आणि दोष निघेल त्या दिवशी बनवणारा जागेवर असेल का? बलुत्यात तिसरी कसोटी आपोआप पुरी होई. १९२५ च्या क्रमांकाने दुसरी पुरी केली. ग्राहक कायदे पहिलीसाठी झगडत आहेत. हमीपत्र किती पानी आहे, हा प्रश्न या तिन्हींनंतर येतो.

२२/
काकांनी हा धागा वाचलेला नाही. त्यांनी ते पत्रक घडी करून खिशात ठेवले आणि निघताना त्या तरुणाला विचारले, "पाच वर्षानं तुमचं हे दुकान इथंच राहीन नं, बाबू?" तो म्हणाला, "राहीन न काका." काकांनी दोन दिवस घेतले, शेजारच्या गॅरेजवाल्याला विचारले, अटी माझ्याकडून दोनदा वाचून घेतल्या आणि मग पैसे भरले. पावती त्यांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे.

२३/
शेवटी एक विनंती. तुमच्या घरी आजोबांच्या कागदांत मोटारीच्या बुकिंगची पावती, जुने वॉरंटी कार्ड, गॅरेजचे बिल किंवा कापसाच्या गाठीची चिठ्ठी असेल, तर ती रद्दीत देऊ नका. त्यावर तारीख, क्रमांक आणि कुणाची तरी सही असते. वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाची अशी साधने अजून फारशी कुणी गोळा केलेली नाहीत. छायाचित्र काढून त्यावर गावाचे नाव आणि साल लिहून ठेवा. पुढच्या धाग्यात करंजाच्या कापूस बाजाराविषयी लिहीन.